आरसा नसलेला

डावा खांदा अर्धा इंच खाली आहे,
असं ब्लाउजचं माप घेताना शिंपीण म्हणाली
आणि पुढचा आकडा लिहायला लागली.
बावीस वर्षं त्या खांद्यावर पट्टा होता.
वजनदार कॅमेरा, वर फ्लॅश, पुढे लांब लेन्स.
मार्केट यार्डापासून कळंब्यापर्यंत
कुठल्या कार्यालयाच्या जिन्याला किती पायऱ्या
हे मला अजून पाठ आहे.

मंगळवारी शाहूपुरीत मगदुमांच्या दुकानात गेले.
पिशवीत छत्री, औषधाची चिठ्ठी,
आणि माझा जेवणाचा चपटा डबा, रिकामा.
"आक्का, डबा कशाला?" भूपाल म्हणाला.
"ह्यात बसंल तो कॅमेरा दाव."
हसला. मग काचेवर पाच मांडले,
आणि आम्ही दोघं, तोंड गंभीर करून,
एकेक डब्यात ठेवून झाकण लावून बघू लागलो.
दोन बाहेरच राहिले.
एक बसला, पण लेन्स काढून.
म्हटलं, ही तर नवऱ्याशिवाय वरात झाली.

"पाण्यात चालतो?"
"पाण्यात न्हाई. पावसात चालतो."
हे वाक्य तो दिवसातून दहादा म्हणत असणार,
तरी माझ्याशी सावकाश बोलला.
"बुडवायचा न्हाई. भिजला तर भिजू द्यायचा.
आणि नुसती बॉडी सील असून भागत न्हाई,
लेन्सच्या बुडालाबी रबराची कडी पायजे.
कुकर नवा आणि रिंग फाटकी, काय उपयोग?"
कळलं, म्हटलं. इतकं संसारात शिकलेय.

मग झाडांवर मारायचा फवारा आणून
त्यानं एका कॅमेऱ्यावर सरळ पाणी मारलं.
माझा हात पदर घेऊन पुढे गेला, आपोआप.
गुलाबपाण्यापासून, अक्षतांपासून,
पोरांच्या आइस्क्रीमच्या बोटांपासून
मी एक कॅमेरा पोटाशी धरून वाचवत आले होते.
"ऱ्हाऊ दे की आक्का. त्याचं तो बघंल."

त्याचं तो बघेल.
हे मला कुणाबद्दल कधी म्हणता आलं नव्हतं.

बटण दाबलं. आवाजच नाही.
जुन्यात आत आरसा उठायचा, खटाक,
आणि नवरी नेमकी डोळे मिटायची,
मी म्हणायची, आणखी एक.
"ह्यात आरसा न्हाईच," भूपाल म्हणाला,
आणि मला तिथेच उभ्या उभ्या आठवलं:
तो आरसा उठला की माझ्या डोळ्यापुढे अंधार व्हायचा.
पापणी लवावी एवढाच.
पण फोटो व्हायचा तो त्याच अंधारात.
हजार मंगळसूत्रं बांधली गेली माझ्यासमोर,
एकही मी पाहिलेलं नाही.

बॅटरी लवकर संपते, तीन घ्याव्या लागतील.
मूठ लहान, करंगळीला जागा नाही, ती खाली लोंबते.
हप्ते दिवाळीच्याही पलीकडे जातात.
भावाचा मेसेज: मोबाईल आहे की तुझ्याकडं.
आहे. त्यावर तुझा मेसेज आला.

डब्यात बसला तो घेतला.

रविवारी गगनबावड्याची एसटी.
घाटाच्या तोंडाशी धुकं, वर बारीक झिमझिम,
आणि रस्त्याच्या कडेला एक म्हैस,
पाठीवरून पाणी ओघळतंय, तिला त्याचं काही नाही.
बराच वेळ मी उभी होते.
चष्मा ओला, वेणी ओली, कॉलरमधून पाणी पाठीत,
तेव्हा लक्षात आलं,
छत्री मी कॅमेऱ्यावर धरलीय.

सरकवून माझ्यावर घेतली.

पहिला फोटो हलला. दुसऱ्यात शेपूट तुटलं.
तिसरा दाबताना मात्र सगळं दिसत होतं,
मध्ये अंधार झाला नाही,
आणि म्हशीनं, खटाक नसतानाही, डोळे मिटले.
मी म्हटलं, आणखी एक.